ज्वारीच्या बांधावरची बारीक पिवळी माशी: खोडमाशी नव्हे, मग कोण?

प्रश्न थोडक्यात असा. मंगळवेढ्याच्या बाजूला रब्बी ज्वारी उगवून पंधरा-वीस दिवस झाले आहेत. बांधावरच्या हराळीवर आणि मारवेलीवर जाळी फिरवली की दीड-दोन मिलिमीटरच्या पिवळ्या-काळ्या माश्या ढिगाने येतात. शेतात थोडी पोंगेमरही दिसते, म्हणजे रोपाचा मधला पोंगा वाळलेला. या माश्या म्हणजेच खोडमाशी का? नसतील तर त्यांचे कुल कोणते? आणि एका ओळख-चावीत, म्हणजे खुणा ताडत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, या कुलाची तीन उपकुले दिली आहेत, दुसरीत चार, तर कोणती धरायची?

पहिल्याचे उत्तर लगेच देता येते. वर्णनावरून या खोडमाश्या नाहीत. बहुधा क्लोरोपिडी कुलातल्या आहेत, ज्यांना गवतमाश्या म्हणतात. मात्र ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. गवतावर सापडली म्हणून गवतमाशी, हा ओळखीचा मार्ग नव्हे. त्याच हराळीवर त्याच जाळीत नागअळीच्या माश्या, पाणथळ जागेच्या माश्या आणि शेणावर वाढणाऱ्या माश्याही येतात. कुल ठरते ते पंखावर आणि कपाळावर.

गोंधळाचे मूळ पाठ्यपुस्तकांत आहे. युरोपात ओट आणि इतर तृणधान्यांवर ऑसिनेला फ्रिट नावाची माशी येते. लिनियसने १७५८ साली तिचे नामकरण केले. तिची अळी कोवळ्या रोपाचा मधला पोंगा खाते आणि पोंगा सुकतो. आपल्याकडे ज्वारीत अगदी हेच काम खोडमाशी, म्हणजे अ‍ॅथेरिगोना सोकाटा, करते. लक्षण एक, पीक गवतवर्गीय, अळी माशीचीच, त्यामुळे भाषांतरात दोघी एका नावाखाली जाऊन बसल्या. प्रत्यक्षात ऑसिनेला ही क्लोरोपिडी, तर अ‍ॅथेरिगोना ही मस्किडी, म्हणजे घरमाशीच्या कुलातली. नात्याने खोडमाशी आपल्या स्वयंपाकघरातल्या माशीच्या जवळची आहे, बांधावरच्या त्या पिवळ्या टिकलीच्या नाही. गंमत म्हणजे क्लोरोपिडी हे कुलनाव (१८५६) आणि अ‍ॅथेरिगोना सोकाटा हे जातीनाव (१८७१) दोन्ही इटलीच्या कामिलो रोंदानी यांनीच दिलेली.

शेतात उभ्या उभ्या दोघींना वेगळे करायला दहापट भिंग पुरते. खोडमाशी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर, राखाडी, अंगावर धुरळा बसल्यासारखी. मादीचे पोट पिवळट आणि त्यावर गडद ठिपक्यांच्या जोड्या. अंगावर राठ केस भरपूर. पंखाच्या बुडाशी पांढरट पडद्यासारखी झालर स्पष्ट दिसते. गवतमाशी बहुतेक वेळा दीड ते तीन मिलिमीटर, चकचकीत, अंग जवळजवळ तुळतुळीत, पंखाच्या बुडाची झालर नावापुरती. हात पुढे नेला की खोडमाशी झटकन दूर उडते. गवतमाशी पात्यावरच दोन-चार बोटे सरकते किंवा टुणकन शेजारच्या पात्यावर जाते. या वागणुकीवर निर्णय देऊ नका, पण शंका यायला ती पुरे.

आता क्लोरोपिडीची खरी कसोटी. चार खुणा एकत्र जुळल्या तरच कुल पक्के धरायचे.

पहिली खूण कपाळावर. डोक्याच्या माथ्यावर तीन साधे डोळे असतात. त्यांच्याभोवती एक त्रिकोण असतो, जो बहुतेक माश्यांत जेमतेम दिसतो. गवतमाशीत तो मोठा, स्पष्ट कडांचा आणि बऱ्याचदा आरशासारखा चकाकणारा असतो. काही प्रजातींत त्याचे टोक थेट शृंगिकांपर्यंत, म्हणजे डोक्यावरच्या मिशांपर्यंत, येते. हा त्रिकोण बघताना उजेड समोरून टाकला तर सगळे कपाळच चमकते आणि कडा हरवतात. उजेड बाजूने तिरपा घ्या, मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा आणि माशी हळूहळू फिरवा. नवख्यांच्या निम्म्या चुका इथे होतात आणि दोष चावीला मिळतो.

दुसरी खूण पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेत, म्हणजे कोस्टात. ही शीर एकाच जागी तुटलेली असते, पहिली लांब शीर जिथे कडेला मिळते त्याच्या जरा अलीकडे. पंखाच्या अगदी बुडाजवळ दुसरी तूट असेल तर ती माशी या कुलातली नाही. तूट म्हणजे शीर नाहीशी झालेली नसते, बारीक फट किंवा फिकट सांधा असतो. पंख कोरडा असेल तर ती दिसत नाही. पंख अल्कोहोलच्या थेंबात काचपट्टीवर सपाट करून खालून उजेड द्या, दहा सेकंदांत निकाल लागतो.

तिसरी खूण: पंखाच्या बुडाशी मागच्या बाजूला जो लहानसा बंद कप्पा इतर अनेक माश्यांत असतो, तो गवतमाशीत नसतोच. त्याच्यामागची शीरही नसते. चौथी खूण बारीक आहे, पण सर्वांत भरवशाची. मधल्या लांब कप्प्याची खालची कड ज्या शिरेने होते, ती शीर मध्यावर किंचित मोडते. सरळ ओढलेल्या रेघेला मध्येच कोणी कोपर मारल्यासारखी. एकदा डोळ्यात बसली की ही मोड लांबूनही दिसते. जोडीला आणखी एक तपासता येते: मानेच्या मागे, पुढच्या पायाच्या वर, छातीच्या बाजूला एक धारदार उभी कड असते. माशी आडवी करून पुढचा पाय थोडा खाली ओढल्याशिवाय ती दिसत नाही.

या चार खुणांनी कोण गळते ते बघा. नागअळीच्या माश्या, म्हणजे अ‍ॅग्रोमायझिडी, सर्वांत फसव्या. त्याही पिवळ्या-काळ्या, तेवढ्याच आकाराच्या, कोस्टाही एकाच जागी तुटलेली, आणि सेरोडॉन्था प्रजातीच्या अळ्या चक्क गवताच्या पात्यात नागमोडी पोखरण करतात. पण त्यांच्या पंखात तो मागचा लहान कप्पा शाबूत असतो, कपाळाच्या दोन्ही कडांना राठ केसांची ओळ असते आणि मादीच्या पोटाच्या टोकाला काळी, कडक नळी असते. कॅनॉलच्या किंवा सीना नदीच्या काठच्या ओल्या गवतावर पाणथळ जागेच्या माश्या, म्हणजे एफिड्रिडी, मिळतात. त्यांनाही मागचा कप्पा नसतो, पण कोस्टा दोन ठिकाणी तुटलेली आणि चेहरा फुगीर. फळांवरची चिलटे, म्हणजे ड्रोसोफिलिडी, यांच्या शृंगिकेवरचा केस पिसासारखा फुटलेला असतो आणि कोस्टात दोन तुटी. मिलिचिडी कुलातल्या माश्या काळ्या आणि चकचकीत असतात, त्यांच्यातही दोन तुटी. म्हणजे कोस्टाच्या तुटी मोजल्या की निम्मे काम संपते. मोजायचा कंटाळा येतो म्हणून रंगावर जायचे आणि मग ‘पिवळी ती गवतमाशी’ असे ठोकून द्यायचे, हे मात्र होऊ देऊ नका.

वर्गीकरणात जागा सांगायची तर: द्विपंखी गण, त्यात आखूड शृंगिकांच्या माश्या, त्यात पंखाच्या बुडाची झालर न वाढलेल्या माश्यांचा मोठा गट, त्यात कार्नॉइडिया हे अधिकुल आणि त्यात क्लोरोपिडी. मिलिचिडी याच अधिकुलातल्या, म्हणून साम्य. जगभरात या कुलाच्या सुमारे तीन हजार जाती वर्णन झालेल्या आहेत. एक सूचना शब्दांबाबत. मराठी जीवशास्त्रात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रे सर्रास उलटे लिहितात. अहवालात एकदा व्याख्या देऊन टाकली की नंतरचा घोळ टळतो.

आता तीन की चार, हा प्रश्न. जुन्या मांडणीत मुळात दोनच उपकुले होती, क्लोरोपिनी आणि ऑसिनेलिनी, आणि आजही शेतातून येणारा जवळपास सगळा माल या दोघांतच बसतो. फरक पंखात आहे. कोस्टा शीर पंखाच्या कडेने पुढे जात जात कुठे संपते ते बघायचे. ती तिसऱ्या लांब शिरेच्या टोकाशी संपली तर क्लोरोपिनी. त्यापुढे पंखाच्या टोकाला वळसा घालून चौथ्या शिरेच्या टोकापर्यंत गेली तर ऑसिनेलिनी. कागदावर हे फार सोपे वाटते. प्रत्यक्षात कोस्टा टोकाकडे हळूहळू फिकट होते आणि नुसत्या कडेची रेघ शीर वाटू लागते. म्हणून पुन्हा तोच उपाय: पंख ओला, सपाट, उजेड खालून, आणि भिंग किमान चाळीसपट. रंगाचा आधार जोडीला घ्या, एकट्याने नको. क्लोरोपिनी साधारणपणे पिवळ्या, पाठीवर गडद पट्टे असलेल्या. ऑसिनेलिनी साधारणपणे काळ्या किंवा करड्या. अपवाद दोन्हीकडे आहेत.

तिसरे उपकुल सिफोनेलॉप्सिनी. यात कपाळाच्या कडेचे केस जाड आणि ठळक असतात, अंगही इतर गवतमाश्यांइतके बोडके नसते. दिसताच ‘ही गवतमाशी कशी?’ असे वाटते, तेव्हा याचा विचार करा. चौथे ऱ्होडेसिएलिनी. स्वीडनच्या ह्यूगो अँडरसन यांनी १९७७ साली जुन्या जगातील प्रजातींची जी फेरमांडणी केली, तीनंतर हा गट वेगळा मानण्याची पद्धत रूढ झाली. त्याआधी या प्रजाती ऑसिनेलिनीतच मोजल्या जात. यातली नमुन्याची प्रजाती ऱ्होडेसिएला: काळीभोर, चकचकीत, पाठीच्या शेवटी जी लहान ढाल असते, म्हणजे स्क्युटेलम, तिच्या कडेचे केस उंचवट्यांवर बसलेले. म्हणजे तुमच्या दोन चाव्यांत कोणी चुकलेले नाही. एकीने जुना, रुंद ऑसिनेलिनी धरला आहे, दुसरीने त्यातून एक तुकडा बाजूला काढला आहे. भारतीय सामग्रीवर काम करताना चार धरा. कारण भारतातल्या या कुलावर सर्वांत पद्धतशीर काम भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पी. टी. चेरियन यांचे आहे आणि त्यांनी ऱ्होडेसिएलिनी स्वतंत्रच ठेवले आहे. तुमचे नमुने त्यांच्या वर्णनांशी ताडून बघायचे तर चौकट तीच हवी. अहवालात एक ओळ टाका की उपकुले अमुक मांडणीप्रमाणे घेतली आहेत. एवढ्याने वाद मिटतो.

जुनी भारतीय कागदपत्रे चाळताना ऑसिनिस असे प्रजातीनाव भेटेल. त्यातल्या बऱ्याच जाती आज ऑसिनेलात किंवा इतरत्र गेल्या आहेत. नावापुढे शास्त्रज्ञाचे नाव कंसात असेल तर मूळ वर्णनानंतर जातीची प्रजाती बदलली असे समजायचे. ऑसिनेला फ्रिटपुढे लिनियस कंसात येतो, कारण त्याने तिला मस्का म्हटले होते. अ‍ॅथेरिगोना सोकाटापुढे रोंदानी बिनकंसाचा, कारण तिचे घर बदललेले नाही. कंस ही सजावट नाही, तो गाळून टाकू नका.

उपकुलाच्या खाली प्रजातीपर्यंत यायचे तर चार जागा बघायच्या: मागची मांडी, स्क्युटेलम, शृंगिकेवरचा केस आणि मागच्या पायाच्या नळीवरचा डाग. मागची मांडी फुगलेली आणि नळी तिच्यात बसेल अशी वाकलेली असेल तर मेरोमायझासारख्या प्रजातींकडे जा. शृंगिकेवरचा केस साधा न राहता चपटा, तलवारीसारखा झाला असेल तर इलॅकिप्टेरा आणि तिच्या जवळच्या प्रजाती. स्क्युटेलम वरून सपाट आणि टोकाचे दोन केस एकमेकांना चिकटून असतील तर थॉमॅटोमायया. नळीवर मागच्या अंगाला लंबगोल, वेगळ्या पोताचा डाग असतो, तो संवेदनाग्रंथीचा. काही प्रजातींत तो ठळक, काहींत नाही, म्हणून त्याची नोंद ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच करा. प्रजातीच्या खाली जातीपर्यंत जाण्यासाठी बहुतेकदा नराचे जननांग लागते आणि ते काम मोकळ्या वेळात होत नाही.

एवढे कशाला, कुल कळले की पुरे, असे वाटू शकते. पुरत नाही, कारण या एका कुलात उपजीविकेचे प्रकार फार वेगवेगळे आहेत. क्लोरोपिनीतल्या बऱ्याच अळ्या गवताच्या खोडात राहून जिवंत ऊती खातात. पण त्याच उपकुलातल्या थॉमॅटोमाययाच्या अळ्या मुळांवरचा मावा खातात, म्हणजे मित्रकीटक. ऑसिनेलिनीत पोंगा खाणाऱ्या आहेत, कुजकट खाणाऱ्या आहेत आणि बुरशीवर जगणाऱ्याही आहेत. सूडोगॉरॅक्सच्या अळ्या कोळ्यांची अंडी खातात. ऑस्ट्रेलियात बॅट्राकोमायया बेडकाच्या कातडीखाली वाढते. लिपारा नदीकाठच्या बोरूच्या शेंड्यावर गाठ तयार करते. ‘गवतमाशी आढळली’ या वाक्यावरून फवारणीचा सल्ला देणे म्हणजे ‘सस्तन प्राणी आढळला’ म्हणून गोठ्याला कुलूप लावण्यासारखे.

तेव्हा तुमच्या शेतातली पोंगेमर नेमकी कोणाची, हे जाळीतल्या माश्यांवरून नाही, पोंग्यातल्या अळीवरून ठरवा. खोडमाशीचा हल्ला उगवणीनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत असतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला समांतर, एकेकटे पांढरे लांबट अंडे घालते. अळी दोन-तीन दिवसांत बाहेर येते, पोंग्यात उतरते आणि वाढीचा बिंदू कापते. मग कुजलेल्या रसावर जगते. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण अडीच-तीन आठवडे. वाळलेला पोंगा चिमटीत धरून ओढला तर सहज हातात येतो आणि बुडाला घाण वास येतो. आत सहसा एकच पिवळट अळी असते. तिला डोके आणि पाय दिसत नाहीत, मागचे टोक आडवे कापल्यासारखे आणि त्यावर दोन काळे ठिपके. डोके तपकिरी, पाय स्पष्ट, अंगावर ठिपके आणि पानांवर ओळीत भोके असतील तर तो खोडकिडा, ती पतंगाची अळी. आणि एकाच कुजक्या पोंग्यात चार-पाच बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर त्या बहुतेक मागाहून आलेल्या कुजकटखाऊ अळ्या. गवतमाश्यांचा नंबर इथे लागू शकतो. त्यांनी रोप मारलेले नसते, मेलेल्या रोपावर त्या जेवायला आलेल्या असतात. भातात मात्र गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅनाट्रिकस पिग्मिअस ही गवतमाशी पोंगेमर झालेल्या रोपांत नोंदली गेली आहे.

शंका उरू नये म्हणून माशी वाढवून काढा. पोंगा नुकताच कोमेजू लागलेली, अजून पूर्ण न वाळलेली पन्नास रोपे मुळासकट उपटा. पूर्ण वाळलेली घेऊ नका. त्यातली खरी अळी बाहेर पडून कोषात गेलेली असते आणि तुम्हाला फक्त पाहुणे मिळतात. बहुतेक चुकीच्या नोंदी याच एका कारणाने होतात. पाने कापून बुडाकडचा आठ-दहा सेंटिमीटरचा भाग ठेवा. प्रत्येक रोपाला वेगळी नळी किंवा छोटी बाटली, तळाशी बोटभर चाळलेली ओली वाळू, तोंडाला मलमल. सगळी रोपे एकाच बरणीत घातली तर कोण कशातून आले ते कधीच कळणार नाही. वाळू ओलसर हवी, चिखल नको. पाणी साचले की बुरशी येते आणि कोष काळे पडतात. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत बाटल्या ठेवल्या तर दोन दिवसांत सगळे संपते. माठाजवळची सावलीची जागा उत्तम. माशी बाहेर आल्यावर लगेच मारू नका. चोवीस तास जिवंत ठेवा, साखरपाण्याचा बोळा द्या. ताजी माशी फिकट आणि मऊ असते, वाळल्यावर तिचे कपाळ खचते आणि तो त्रिकोण कायमचा हरवतो. रिकामा कोष त्याच माशीबरोबर कॅप्सूलमध्ये ठेवा. त्याच्या मागच्या श्वासछिद्रांवरूनही कुलाचा अंदाज येतो.

बांधावरून माश्या गोळा करायच्या तर जाळीचे कापड मलमलीचेच घ्या. मच्छरदाणीचे कापड वापरले तर सर्वांत लहान माश्या छिद्रांतून निघून जातात आणि यादीत फक्त मोठ्या जाती दिसतात. तोंड तीस-पस्तीस सेंटिमीटरचे पुरे. दव उतरल्यावर, साधारण साडेआठ ते साडेदहा, वारा पडलेला असताना पन्नास फटकारे मारा आणि जाळी तिथेच रिकामी करा. दव असताना फिरवली तर माश्या ओल्या कापडाला चिकटून चिरडतात. ऑक्टोबरनंतर माळावर कुसळी गवत पक्व होते. त्याची कुसळे जाळीत अडकून माश्यांचे केस आणि पंख घासून काढतात, म्हणून कुसळीच्या पट्ट्यात जाळी फिरवूच नका, पिवळी थाळी ठेवा. पिवळ्या प्लॅस्टिकच्या वाडग्यात तीन बोटे पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब. चोवीस तासांच्या आत गाळून घ्या. सोलापूरच्या उन्हात दुसऱ्या दिवशी वास येऊ लागतो आणि पंख सुटतात. नान्नजचे गवताळ माळ मोह घालतात, पण तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे एक माशीही पकडू नका. शेतांचे बांध आणि गायरान यांवर पुष्कळ मिळते.

मारायला इथिल अ‍ॅसिटेट, ठेवायला सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल. डीएनएसाठी काही नमुने पंच्याण्णव टक्क्यांत आणि फ्रीजरमध्ये वेगळे. अल्कोहोलमधून काढून थेट वाळवल्यास डोळे आणि कपाळ आत बसतात. त्याऐवजी पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये काही तास, मग इथिल अ‍ॅसिटेटमध्ये काही तास ठेवून टीपकागदावर वाळवा, आकार टिकतो. एवढ्या माशीला टाचणी टोचायची नाही. जाड कागदाचा लहान त्रिकोणी तुकडा टाचणीवर लावा, टोक किंचित वाकवा आणि त्यावर छातीची उजवी बाजू डिंकाच्या टिंबाने चिकटवा. डावी बाजू, कपाळ आणि दोन्ही पंख मोकळे राहिले पाहिजेत. डिंक जास्त झाला की तो मानेजवळची ती धारदार कड झाकतो. नराच्या जननांगासाठी पोट वेगळे करून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा किंवा गरम करून दहा मिनिटे, मग ग्लिसरीनमध्ये बघा. उकळू दिले तर हातात काही उरत नाही. पेटीत पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा. बुरशी सर्वांत आधी याच लहान माश्या खाते.

मासळीच्या भुकटीच्या सापळ्याबद्दल थोडे, कारण ज्वारीत तो बऱ्याच ठिकाणी लावतात. ओलवलेल्या भुकटीच्या वासाने खोडमाशीच्या माद्या येतात. भुकटी सुकली की आकडा घसरतो आणि खोडमाशी कमी झाली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पण त्यात अ‍ॅथेरिगोनाच्या इतर जातीही येतात. अ‍ॅथेरिगोना ओरिएंटॅलिस ही कुजकटावर वाढणारी जात तर हमखास. बाजरीवरची अ‍ॅथेरिगोना अ‍ॅप्रॉक्सिमाटाही येऊ शकते. कुजकटाच्या वासाला काही गवतमाश्याही भुलतात. सापळ्यातला एकूण आकडा म्हणजे खोडमाशीचा आकडा नव्हे. निदान पन्नासेक माश्या काढून वेगळ्या करा आणि प्रमाण लावा. माद्यांवरून जात ठरवणे अवघड आहे. नराच्या पोटाच्या टोकाला तीन पाकळ्यांसारखा अवयव असतो, जात त्यावरून ओळखतात. म्हणून नर मिळवायचे तर वाढवून काढण्याला पर्याय नाही.

शेतकऱ्याला सांगायचे एवढेच: जाळीत आलेल्या पिवळ्या माश्यांसाठी औषध मारू नका. पोंगा सुकलेला दिसतो तेव्हा ते रोप गेलेले असते आणि अळी फवाऱ्याच्या आवाक्यात नसते. खोडमाशीवरचा खरा उपाय पेरणीच्या आधीचा आहे: बियाण्याला लेबलवर दिलेल्या मात्रेने कीटकनाशक चोळणे, शिफारशीच्या काळात म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरणे आणि शिवारात सगळ्यांनी शक्यतो एकाच वेळी पेरणे. बियाणे थोडे जास्त टाकून नंतर पोंगेमर झालेली रोपे विरळणीत उपटून नष्ट केली तर पुढची पिढीही कमी होते. उपटलेली रोपे बांधावर टाकून दिली तर मात्र काहीच साधत नाही.

याच कुलातली एक माशी तुम्ही रोज बघता, तिचा उल्लेख राहू नये. गोठ्यात, उकिरड्याजवळ, पावसाळ्यानंतर डोळ्यांपुढे घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटे. त्यांतली प्रमुख म्हणजे सिफनक्युलिना फ्युनिकोला, द मैयेरे यांनी १९०५ साली वर्णन केलेली, उपकुल ऑसिनेलिनी. फ्युनिकोला म्हणजे दोरीवर राहणारी, आणि नाव अगदी चपखल आहे: संध्याकाळी या माश्या लोंबत्या दोऱ्या, वायरी आणि कोळ्याच्या जाळ्यांवर रांगेने बसतात. त्या चावत नाहीत. डोळ्यातले पाणी, जखमेचा स्राव आणि घाम चाटतात, आणि तसे करताना डोळे येण्याची साथ एकाकडून दुसऱ्याकडे नेतात असा संशय जुना आहे. अळ्या ओल्या कुजक्या मातीत वाढतात, म्हणून गोठ्याची मोरी कोरडी ठेवणे आणि छताखालची जळमटे, लोंबते सुतळीचे तुकडे काढून टाकणे एवढ्याने फरक पडतो. वर्गीकरण शिकायला ही माशी सर्वांत सोयीची. बारमाही, फुकट, आणि पकडायला जाळीही लागत नाही. तिन्हीसांजेला लोंबत्या दोरीखाली अल्कोहोलचा उघडा वाडगा धरून दोरी झटकली की शंभर नमुने पडतात. कपाळाचा त्रिकोण आणि कोस्टाची एकच तूट आधी तिच्यावर गिरवा, मग बांधावरच्या पिवळ्या माश्यांकडे जा.

शेवटी लेबल. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, आणि वनस्पती: पण वनस्पतीपुढे ‘वर बसलेली’ की ‘आतून वाढवून काढलेली’ हे स्पष्ट लिहा. ज्वारीवर बसलेली माशी आणि ज्वारीतून निघालेली माशी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. प्रजाती ठरली नसेल तर ‘ऑसिनेलिनी, प्रजाती अनिश्चित’ एवढेच लिहून थांबा. सिफनक्युलिनाचे नाव माहीत आहे म्हणून प्रत्येक काळ्या माशीला ते चिकटवले, तर पुढच्या माणसाला सगळी पेटी पुन्हा तपासावी लागते.